शौलाचा पौल होतो, तेव्हा बाई कुठे असते?

मागच्या हिवाळ्यात भंडाऱ्यात एका व्याख्यानाला गेले होते. विषय होता प्रेषित पौलाचा स्वभाव आणि त्याचं परिवर्तन. वक्ते अभ्यासू होते. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला दिसलेला प्रकाश त्यांनी असा उभा केला की मागच्या रांगेतली चुळबुळ थांबली. शेवटी आपल्याकडचं उदाहरण आलं, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या धर्मांतरावर वक्ते दहा मिनिटं बोलले. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला एकच वाक्य आलं, की पतीच्या मागोमाग त्याही आल्या.

मी त्या ‘मागोमाग’शी अडले. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधली पाच वर्षं या शब्दात कुठे गेली? त्या वर्षांत एक बाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या घरी राहिली, नवरा जिवंत असून नसल्यासारखी वागवली गेली, रडली, भांडली, विचार करत राहिली आणि शेवटी स्वतःच्या पायांनी स्वतःच्या निर्णयापर्यंत आली. ज्या काळात पुरुषाचं सगळं नवं आयुष्य घडतं, तोच काळ बाईच्या बाबतीत ‘मागोमाग’ म्हणून संपवला जातो.

मैत्रिणींनो, हा फक्त एका व्याख्यानाचा प्रश्न असता तर मी लिहायला बसले नसते. त्याच आठवड्यात आमच्या केंद्रावर दोन बायका आल्या होत्या. पहिलीचा नवरा एका प्रार्थना मंडळात जायला लागला होता. त्यानं घरातला देव्हारा काढला, तिचं कुंकू पुसायला लावलं आणि तिनंही आपल्याबरोबर आलं पाहिजे म्हणून धोसरा लावला. तिला जायचं नव्हतं. दुसरीचं उलटं. विडीच्या कामावरच्या एका सोबतिणीबरोबर तीच प्रार्थनेला जायला लागली होती. तिथे तिला बरं वाटायचं. सासरच्यांनी तिला मारलं आणि आता गावात सगळे विचारत होते, हिला फसवलं कोणी? दोघी एकाच बाकावर बसून होत्या. एकीवर धर्म लादला जात होता, दुसरीकडून हिसकावला जात होता. दोघींना एक प्रश्न मात्र कोणीच विचारला नव्हता: बाई, तुझं काय म्हणणं आहे?

म्हणून आधी त्या मूळ गोष्टीकडे जाऊ. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात शौल पहिल्यांदा दिसतो तो स्तेफनाला दगडांनी ठार मारतात तेव्हा. मारणारे आपली वस्त्रं त्याच्या पायाशी ठेवतात. पुढे तो घरोघर शिरतो आणि पुरुषांना व स्त्रियांना ओढून तुरुंगात टाकतो. दिमिष्काला निघताना त्यानं जी पत्रं घेतली तीही पुरुष असोत की स्त्रिया, बांधून आणण्यासाठी होती. हे वाक्य प्रवचनात वाचलं जातं आणि पुढे सरकतात. माझ्या मते तिथे थांबायला हवं. छळ करणारा शौल बाईचा विश्वास तिचा स्वतःचा आहे असं मानून चालला होता. तिला कोणी नादी लावलं म्हणून सोडून द्या, असं तो म्हणाला नाही. गुन्हेगार म्हणून का होईना, त्यानं तिला पूर्ण माणूस धरलं. तिच्या विश्वासाला ‘मागोमाग’ म्हणायची सवय नंतरच्या भक्तांची.

दिमिष्काच्या वाटेवरचा प्रकाश, जमिनीवर पडणं, तीन दिवसांचं आंधळेपण, हनन्यानं येऊन हात ठेवणं, हे सगळं कृत्यांच्या पुस्तकात आहे, आणि त्या प्रकाशाची गोष्ट तिथे तीनदा सांगितलीय. पौलाच्या स्वतःच्या पत्रात मात्र हा देखावा नाही. गलतीकरांना लिहिताना तो एवढंच म्हणतो की देवानं आपला पुत्र माझ्या ठायी प्रकट केला, मग मी अरबस्तानात गेलो, दिमिष्काला परतलो, तीन वर्षांनी यरुशलेमला गेलो. म्हणजे ज्याच्यावर बेतलं तो माणूस स्वतः वर्षांच्या हिशेबानं बोलतो, आणि गोष्ट सांगणारे क्षणाच्या हिशेबानं. आणखी एक गैरसमज काढून टाकू. शौलाचा पौल त्या क्षणी झाला नाही. कृत्यांचं पुस्तक बऱ्याच पुढे, सायप्रस बेटावरच्या प्रसंगात, ‘शौल, ज्याला पौलही म्हणत’ असं सहज सांगून जातं. दोन्ही नावं त्याचीच होती.

माणसाचा स्वभाव तरी बदलला का? तार्सचा हा परूशी तंबू शिवून पोट भरणारा, हट्टी, रागीट, कोणाचं मिंधेपण न घेणारा. प्रेषित झाल्यावरही तो तसाच आहे. अंत्युखियात त्यानं पेत्राला तोंडावर विरोध केला, कारण पेत्र परजातीयांबरोबर जेवत होता आणि काही माणसं आल्यावर मागे सरला. पंक्तिभेदावरून झालेलं हे भांडण आपल्याला ओळखीचं वाटावं असं आहे. पुढे जुना सोबती बर्णबा याच्याशीही वाद होऊन दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जो आवेश आधी माणसं बांधून आणण्यात होता, तोच नंतर माणसं जोडण्यात आला. हे मोठं आहेच, ते मी कमी लेखत नाही.

पण पौलाच्या नावावर दोन हजार वर्षं बायकांना काय ऐकवलं गेलं? मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावं. काही विचारायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं. स्त्रीला शिकवायची परवानगी नाही. यातलं शेवटचं वाक्य ज्या पत्रात आहे, ते तीमथ्याला लिहिलेलं पत्र पौलाचं नसावं असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. गप्प राहण्याचं वाक्य करिंथकरांच्या पहिल्या पत्रात चौदाव्या अध्यायात आहे. काही जुन्या हस्तलिखितांत त्या दोन ओळी वेगळ्या जागी सापडतात, आणि त्या नंतर घुसवल्या असाव्यात असं अनेकांना वाटतं. शंका घ्यायला कारणही आहे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बायकांबद्दल लिहितो आणि त्यांनी डोकं झाकावं असं सांगतो. डोकं झाकण्याचा हुकूम मला मान्य नाही. पण जी बोलणारच नाही तिनं बोलताना पदर घ्यावा की नाही हा प्रश्न येतोच कुठून?

रोमकरांच्या पत्राचा शेवटचा अध्याय काढून बघा. तिथे नावांची यादी आहे. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, जिला पौल आपली आश्रयदाती म्हणतो. प्रिस्का, जिचं नाव नवऱ्याच्या, अक्विल्लाच्या, आधी येतं. आणि युनिया, जी अंद्रोनीकासह प्रेषितांमध्ये नामांकित आहे. बाई प्रेषित असू शकते हे पुढच्या काळातल्या पंडितांना पचलं नाही. त्यांनी तिच्या नावाचं पुरुषी रूप करून टाकलं आणि शतकानुशतकं ती पुरुष म्हणून छापली गेली. फिलिप्पैत जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया आहे. तिनं आधी स्वतः ठरवलं, मग तिच्यासह तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला. इथे घरचे तिच्या मागून आले. पण ‘घरधनी लुदियाच्या मागोमाग आले’ असं प्रवचन मी आजवर ऐकलेलं नाही. आणि पेत्राचं बघा. त्याच्या सासूला ताप आला होता हे शुभवर्तमान सांगतं. बायकोला तो प्रवासात बरोबर नेत असे हेही पौलाच्या पत्रावरून कळतं. तिचं नाव कुठेच नाही.

दुसऱ्या शतकात थेक्लाची कथा लिहिली गेली. इकुन्य गावची ही मुलगी पौलाचं बोलणं ऐकून ठरलेलं लग्न मोडते आणि पुढे स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देते. कथा खरी की रचलेली हा वेगळा प्रश्न. पण तिचा दाखला देऊन बायका शिकवायचा आणि बाप्तिस्मा द्यायचा हक्क मागत होत्या, हे आपल्याला कळतं ते त्यांच्यावर चिडलेल्या तेर्तुलियनच्या लेखनातून. म्हणजे हा तंटा आजच्या स्त्रीमुक्तीवाल्यांनी उकरलेला नाही. पौलानंतर दीडशे वर्षांच्या आतच बायका भांडत होत्या.

आता आपल्या मुलखात येऊ. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा मिशनरी भेटला. बोलणं काव्यावरून धर्मावर गेलं. उतरण्याआधी त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. नागपूर सोडल्यावर ही गाडी आपल्या जिल्ह्यातून जाते. आपलं भंडारा रोड, म्हणजे वरठी, मग तुमसर रोड, वैनगंगेचा पूल, तिरोडा, गोंदिया. गोंदिया १९९९ साली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा तोही भंडाऱ्यातच होता. मराठी ख्रिस्ती माणसांची दिमिष्काची वाट म्हणायची तर ती आपल्या धानाच्या बांध्यांमधून गेलेली आहे, आणि आपल्याला हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

या वाटेवर प्रकाश पडला नाही की कोणी खाली पडलं नाही. टिळकांनी पुस्तक वाचलं, विचार केला, पत्रव्यवहार केला आणि दोन वर्षांनी निर्णय घेतला. त्यांनी त्यासाठी मोठी किंमत मोजली, जात गेली, नातेवाईक गेले. पण निर्णय घेतला तो एकट्यानं. बायकोला बरोबर घेऊन तो झाला नाही. मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली.

‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकींनी वाचलं आहे. पहिला भाग १९३४ साली आला. त्यातल्या विनोदाचं सगळे कौतुक करतात. पण त्या विनोदाखाली काय आहे ते बघा. लग्न लहानपणी झालेलं. माहेर सोवळ्याओवळ्यात पिचलेलं. नवरा बुद्धिमान, प्रेमळ, हातात पैसा न टिकणारा आणि न सांगता घर सोडून जाणारा. धर्मांतराच्या आधीही टिळक असे निघून जात आणि बाई दुसऱ्यांच्या दारात उभी राही. संन्याशाची, साधकाची, सत्यशोधकाची ही भटकंती आपण फार आदरानं बघतो. घरातली चूल, भाडं, तान्हं मूल यांचं काय, हे संतचरित्रात लिहायची पद्धत नाही. लक्ष्मीबाईंनी ते लिहिलं आणि नवऱ्यावरचं प्रेम न सोडता लिहिलं. त्यामुळे कोणाला त्या त्याग करणाऱ्या आदर्श पत्नी वाटतात. मला त्या साक्षीदार वाटतात. माणूस खरंच बदलला का, याची साक्ष व्यासपीठावरून मिळत नाही. ती घरातून मिळते.

आणि त्यांचं स्वतःचं परिवर्तन? नवऱ्याकडे परत गेल्यावरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्याच्याजवळ राहून आपलं सोवळं सांभाळत होत्या. कोणाच्या हातचं पाणी चालतं, कोणाच्या हातचं चालत नाही, हा त्यांच्या रोजच्या जगण्यातला प्रश्न होता. याच प्रश्नावर विचार करता करता त्यांच्या मनानं घेतलं की माणसं देवानं केली, जाती माणसांनी केल्या. त्या दिवसापासून त्यांनी शिवाशीव सोडली. ख्रिस्तावरचा विश्वास त्यानंतर आला. क्रम नीट लक्षात घ्या. आधी जात गेली, मग धर्म बदलला. पुष्कळ पुरुषांचं याच्या उलट झालं. धर्म बदलला आणि जात तशीच चर्चच्या बाकांवर येऊन बसली. अंत्युखियात पेत्राला जे जमलं नाही, ते जलालपूरच्या एका फारसं न शिकलेल्या बाईनं आपल्या चुलीपाशी केलं. हिला कोणी प्रेषित म्हणत नाही.

१९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं होतं. सुरुवातीचे थोडे अध्याय त्यांचे. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. तरी आजही विचारा, ‘ख्रिस्तायन’ कोणाचं? उत्तर येतं, टिळकांचं. युनियाच्या नावाचं जे झालं, ते इथेही झालं.

न्यायानं बोलायचं तर टिळकांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. करिंथकरांच्या पत्रात सातव्या अध्यायात पौल म्हणतो, विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला तयार असेल तर त्याला सोडू नये, पण तो वेगळा होत असेल तर होऊ द्यावं. याच वचनाच्या आधारावर इंग्रज सरकारनं १८६६ साली कायदा केला. ख्रिस्ती झालेल्याचा जोडीदार धर्मांतरामुळे नांदायला तयार नसेल, तर वर्षभराची मुदत देऊन लग्न मोडता येत होतं. टिळकांनी ती वाट धरली नाही. त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाईंना आपला निर्णय आपल्या वेळेनं घेता आला, यात त्यांच्या चिवटपणाचा वाटा आहे तसाच त्यांच्या थांबण्याचाही आहे. मी व्याख्यान देत असते तर टिळकांची थोरवी या थांबण्यात दाखवली असती. आमच्या केंद्रावर आलेल्या त्या पहिल्या बाईच्या नवऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

जिच्या मागे नवरा नसतो तिचं काय होतं तेही पाहू. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्या विधवा होत्या, संस्कृत पंडित होत्या, वादात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या. त्यांना ‘मागोमाग’ म्हणायची सोय नव्हती. मग इकडे पुण्यात त्या फितूर ठरल्या आणि तिकडे चर्चच्या अधिकाऱ्यांना त्यांचे प्रश्न उद्धटपणाचे वाटले. बाई स्वतः ठरवते तेव्हा दोन्हीकडचे पुरुष नाराज होतात. याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापून पूर्ण झालं. तिथल्या बायकाच खिळे जुळवत होत्या. बायकांनी गप्प राहावं ही पौलाच्या नावावरची ओळ एका बाईनं ग्रीकमधून मराठीत आणली आणि बायकांच्या हातांनी छापली गेली. शाई पुसताना त्या काय बोलल्या असतील, हे ऐकायला मला आवडलं असतं.

कोणी म्हणेल, हे ब्राह्मण बायकांचं झालं. बरोबर आहे. म्हणून आता माझ्या घरचं सांगते. १९५४ साली बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला त्यांनी आणि सविताबाईंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. माझे आजोबा तिथे होते. पांढरे कपडे घालून गेले, बावीस प्रतिज्ञा घेऊन आले आणि आजीला म्हणाले, देव काढ. आजीनं बाकी देव काढले. मातामायचा शेंदरी दगड मात्र धानाच्या ढोलीत लपवला. ती सांगायची, ‘तुह्या आज्याले भाषन ऐकाले भेटलं. मले कोनं सांगतलं? लेकरायले देवी निंगाली त कोन पाह्यते?’ पुढे देवी टोचणारा गावात आला. आजीनं सगळ्या लेकरांना टोचून घेतलं. एक उन्हाळा गेला, कोणाला काही झालं नाही. मग तिनं एकटीनं तो दगड वैनगंगेत नेऊन सोडला. त्या दिवशी ती बौद्ध झाली असं मी मानते. आजोबांचा दीक्षेचा दिवस घरात साजरा होतो. आजीचा दिवस कोणालाच माहीत नाही, तिलाही तारीख आठवत नव्हती.

आमच्या चळवळीलाही हे ऐकून घ्यावं लागेल. ‘अमुक वस्तीनं धर्मांतर केलं’ असं आपण लिहितो तेव्हा वस्ती म्हणजे कोण? जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाच्या हक्काचे, बहुपत्नीत्वाविरुद्धचे ठराव तिथे झाले. म्हणजे दीक्षेच्या चौदा वर्षं आधीच या बायका आपलं म्हणणं मांडत होत्या. हे आपल्याला नीट कळलं ते १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं तेव्हा. मधली वर्षं या बायकाही ‘मागोमाग’च्या खात्यात जमा होत्या.

आता कायद्याकडे. भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता तेव्हा, १९५४ साली, तिथल्या सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला. त्याच वर्षी आपण त्या राज्यातून बाहेर पडलो. पुढे ओडिशानं १९६७ साली आणि मध्य प्रदेशानं १९६८ साली धर्मांतराविरुद्ध कायदे केले. बळजबरीनं किंवा आमिषानं धर्मांतर केल्यास एक वर्षापर्यंत कैद. आणि ज्याचं धर्मांतर केलं ती व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीतली असेल तर दोन वर्षांपर्यंत. टिळकांची गाडी जिथे थांबली ते राजनांदगाव आज छत्तीसगडमध्ये आहे. २००० साली ते राज्य झालं तेव्हा हाच कायदा त्याच्या वाट्याला आला. मध्य प्रदेशानं २०२१ साली नवा कायदा केला, उत्तर प्रदेशानंही केला. शिक्षा वाढली, यादी तीच राहिली. तुमसरच्या पलीकडे बालाघाट लागला की चाळीस वर्षांची, मुलं वाढवलेली, शेतीचा हिशेब ठेवणारी बाई कायद्याच्या नजरेत अज्ञान मुलाच्या ओळीत जाऊन बसते.

बळजबरीला शिक्षा झालीच पाहिजे. पण बाईला संरक्षण देतो म्हणणारा कायदा तिला मन आहे हेच मानत नसेल, तर ते कसलं संरक्षण? केरळच्या हादियाचं प्रकरण आठवा. चोवीस वर्षांची, वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलगी. तिनं धर्म बदलला, लग्न केलं. वडील कोर्टात गेले. २०१७ साली उच्च न्यायालयानं तिचं लग्न रद्द ठरवून तिला वडिलांच्या घरी पाठवलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली ते लग्न कायम केलं, पण तोवर तिला आपण शुद्धीवर आहोत हे देशभर सिद्ध करत फिरावं लागलं. कुठल्या पुरुषाला धर्म बदलल्यावर कोर्टानं वडिलांच्या ताब्यात दिलं आहे?

पुरुष धर्म बदलतो तेव्हा त्याच्या मनाची खोली मोजायला कोणी जात नाही. हिंदू नवरे दुसरं लग्न करण्यासाठी नावापुरते मुसलमान होत होते. १९९५ साली सरला मुद्गल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असं लग्न बेकायदा ठरवलं, तेव्हा कुठे ती पळवाट बंद झाली. पोटगीचंही बघा. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याप्रमाणे नवऱ्यानं हिंदू धर्म सोडला तर बायकोला वेगळं राहून पोटगी मागता येते. पण बायकोनं सोडला तर त्या कायद्याखालचा तिचा हक्क जातो. फौजदारी कायद्यातली पोटगी धर्म बघत नाही, पूर्वी १२५ कलमाखाली मिळायची, आता नव्या संहितेच्या १४४ कलमाखाली. हे आपल्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवा. आमच्या केंद्रावरच्या दुसऱ्या बाईला सासरच्यांनी ‘आता तुला फुटकी कवडी मिळणार नाही’ असं सांगितलं होतं आणि तिनं ते खरं मानलं होतं.

काही मैत्रिणी विचारतील, सगळेच धर्म बायकांना दुय्यम मानतात, मग बाई एकातून दुसऱ्यात गेली काय आणि राहिली काय, आपण त्यात का पडायचं? मला हा प्रश्न सुखवस्तू वाटतो. आजीसाठी तो दगड नदीत टाकणं म्हणजे आपल्या लेकरांचा जीव कोणाच्या भरवशावर सोडायचा याचा निर्णय होता. लक्ष्मीबाईंसाठी तो कोणाच्या हातचं पाणी प्यायचं याचा निर्णय होता. बाई धर्माबद्दल ठरवते तेव्हा ती जगण्याबद्दल ठरवत असते. तिनं काय ठरवावं हे आपण सांगायचं नाही. तिला ठरवता यावं यासाठी भांडायचं. धर्म बदलायचा हक्क आणि नवऱ्यानं बदलला तरी आपण न बदलायचा हक्क, हा एकच हक्क आहे. एकाची बाजू घेऊन दुसऱ्याकडे डोळेझाक करता येणार नाही.

दुसरे म्हणतील, आमच्या संतांवर, प्रेषितांवर शिंतोडे उडवता. नाही. पौलानं पेत्राला तोंडावर विचारलं, तसं आम्ही विचारतो आहोत. गलतीकरांना त्यानंच लिहिलं की ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद नाही. या वाक्याचा हिशेब त्याच्या भक्तांकडे मागणं हा त्याचा अपमान कसा?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. चर्चमध्ये असो, विहारात असो, मंदिरात असो, कोणी परिवर्तनाची थोर गोष्ट सांगायला उभा राहिला की शेवटी हात वर करून विचारा: त्याच्या घरातल्या बाईनं केव्हा ठरवलं, काय ठरवलं, आणि तिला कोणी विचारलं होतं का? आपल्या आजीला, सासूला, आईला विचारा की तुमचा देव कधी बदलला. वही घेऊन बसा, तारीख आठवत नसेल तर पीक विचारा, लेकरू किती मोठं होतं ते विचारा. आणि केंद्रावर धर्मावरून भांडण घेऊन कोणी बाई आली, तर नवऱ्याला, सासऱ्याला, पाळकाला, भन्तेंना, महाराजांना, पोलिसांना बाहेर बसवा. आधी तिचं ऐका.

त्या दोघींपैकी पहिलीनं देव्हारा परत मांडला आहे. दुसरी अजून माहेरी आहे. रविवारी प्रार्थनेला जाते.